इम्पॅक्ट : शिशातून मीमपर्यंत

१/ छायाचित्राच्या वर एक ओळ, खाली एक ओळ. अक्षरे पांढरी, जाडजूड, काळ्या कडेची. मीमची ही ओळखीची अक्षरे 'इम्पॅक्ट' या टंकातील. रसिक मंडळी त्याला कर्कश ठरवून मोकळी होतात. हा निवाडा इतिहास न पाहता दिलेला आहे.

२/ इम्पॅक्टचा जन्म संगणकावर झालेला नाही. जाहिरात क्षेत्रात काम करणाऱ्या जेफ्री ली यांनी तो रेखाटला आणि १९६५ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्डच्या स्टीफन्सन ब्लेक या टाइप फाउंड्रीने त्याचे धातूचे खिळे बाजारात आणले. खिळाछपाईचा तो उतरता काळ होता.

३/ त्याची घडण हेतुपूर्वक आहे. लहान अक्षरांचे अंग उंच, वर-खाली जाणारे दांडे आखूड, रुंदी आवळलेली, पोटातील पोकळ्या जेमतेम फटीएवढ्या. ठरलेल्या आकारात कागदावर जास्तीत जास्त शाई उतरावी, हा त्यामागचा विचार.

४/ ही गरज जुनीच. टोकांना फाटे नसलेला छपाईचा पहिला इंग्रजी टंक विल्यम कॅस्लन चौथा याने १८१६ च्या सुमारास दाखवला. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी अक्षरे यंत्राने कोरण्यास आरंभ केला आणि भित्तिपत्रकांवरील अक्षरे वाढू लागली. कागदाची रुंदी तेवढीच, शब्द मात्र दुरून दिसायला हवा; म्हणून अक्षर उंच, अरुंद आणि जाड झाले.

५/ मग प्रसिद्धी इम्पॅक्टलाच का? स्विस कलावंत वॉल्टर हेटेनश्वाइलर यांचा 'श्माल्फेटे ग्रोटेस्क' हा तशाच धाटणीचा टंक १९५४ चा. जर्मनीच्या 'ट्वेन' मासिकाने तो दिमाखात वापरला. सामान्य वाचकाला मात्र त्याचे नावही ठाऊक नाही.

६/ उत्तर सौंदर्यात नाही, वितरणात आहे. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबसाठी जे मोजके टंक विनामूल्य खुले केले, त्यांत इम्पॅक्ट होता. तो घरोघरच्या संगणकांत आयता पोहोचला. कोणत्याही चित्रावर ठळक वाचता येणारे अक्षर हवे होते, आणि ते हाताशीच होते.

७/ इम्पॅक्टमध्ये परिच्छेद छापला तर डोळे शिणतात, हे खरे. पण तो दोष वापरणाऱ्याचा. हाळी देण्यासाठी घडवलेल्या आवाजाकडून कुजबुजीची अपेक्षा का ठेवावी?

८/ जे टिकले ते श्रेष्ठ होते म्हणूनच टिकले, असे मानण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाला नेहमीच होतो. इम्पॅक्टची कथा त्या मोहाला आवर घालते. वस्तूचे गुण पाहावेत. पण ती कोणत्या वाटेने, कोणाच्या हातून आणि किती किमतीला आपल्यापर्यंत आली, हे आधी विचारावे.