निदानाआधी पथ्य नको

‘खाल्लेले अंगी लागत नाही’ या आपल्या घरगुती शब्दप्रयोगात अपशोषणाचे सारे वर्णन सामावलेले आहे. मूल जेवते, पण बाळसे धरत नाही. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे. मल भरपूर, फिकट, तेलकट आणि कमालीचा दुर्गंधीयुक्त. अशा मुलाच्या जाडजूड फाइलमध्ये जंतांची औषधे असतात, मेट्रोनिडॅझोलचे अनेक कोर्स असतात, पाचक सिरपे असतात; आणि अखेरीस असतो एक सल्ला – ‘गहू बंद करून पाहा.’ माझा आक्षेप आहे तो या शेवटच्या सल्ल्याला.

आहारातील स्निग्धांश शरीरात मुरण्यासाठी स्वादुपिंडाचा रस, यकृताचे पित्त आणि लहान आतड्याचे निरोगी अस्तर या तिन्हींची गरज असते. यांपैकी कोठेही बिघाड झाला, तरी मल सारखाच दिसतो. म्हणूनच १८८८ साली सॅम्युअल गी यांनी सिलिअॅक रोगाचे वर्णन केल्यानंतरही अनेक निरनिराळे आजार त्याच नावाखाली वावरत राहिले. १९३८ साली डोरोथी अँडरसन यांनी त्यांतून सिस्टिक फायब्रोसिस वेगळा काढला. गव्हाचा दोष डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला. एका लक्षणाआडचे आजार वेगळे करण्यास वैद्यकशास्त्राला इतकी वर्षे लागली. ते आपण एका सल्ल्यात पुन्हा एकत्र का करावेत?

आपल्या माळव्यात हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. पोळी आणि दाल-बाफले हे येथील रोजचे अन्न. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या पाहणीत सिलिअॅकशी निगडित प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तर भारतात सुमारे १.२ टक्के, तर दक्षिणेत अवघे ०.१ टक्के आढळले. शंका घेणे योग्यच आहे. पण तपासणीपूर्वी गहू सोडला, की रक्तातील टीटीजी प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात, आतड्याचे अस्तर सुधारते आणि पुरावाच पुसला जातो. पुढे खात्री करण्यासाठी मुलाला पुन्हा काही आठवडे गहू द्यावा लागतो. नुकत्याच सुधारलेल्या लेकराला तो देण्यास कोणती आई तयार होईल? मग आयुष्यभराचे पथ्य संशयावर चालते. आणि खरा आजार दुसराच असेल, तर तो आतल्या आत वाढत राहतो.

क्रम अवघड नाही. गहू चालू असतानाच टीटीजी-आयजीए व त्यासोबत एकूण आयजीए; गरजेनुसार दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे. गहू आधीच सुटला असेल, तर एचएलए डीक्यू-२ व डीक्यू-८ तपासावेत. दोन्ही नसल्यास सिलिअॅक जवळजवळ निकालात निघतो. स्वादुपिंडासाठी मलातील इलॅस्टेज. मात्र पातळ जुलाबाच्या नमुन्यात ते खोटेच कमी दिसू शकते. वारंवार खोकला असेल, तर घामातील क्लोराइड. ते ६० मिलिमोल प्रतिलिटर वा अधिक असल्यास सिस्टिक फायब्रोसिसकडे बोट जाते. कोलेस्टेरॉल अतिशय कमी असेल, तर रक्ताच्या काचपट्टीवर काटेरी तांबड्या पेशी शोधाव्यात. अबीटालिपोप्रोटिनेमिया हा आजार दुर्मीळ खरा, पण वेळेवर दिलेल्या भरपूर ‘ई’ जीवनसत्त्वाने चेतासंस्थेची हानी रोखता येते.

खर्चाचा आणि पालकांच्या घाईचा मुद्दा कोणी मांडील. तो खोटा नाही. परंतु वर्षानुवर्षांच्या निष्फळ औषधांची बेरीजही कोणी करून पाहावी. शिवाय थांबायचे ते फक्त गहू बंद करण्यापुरते. अ, ड, ई, के जीवनसत्त्वे, लोह आणि पोषण तत्काळ सुरू करता येते. त्यामुळे निदान झाकले जात नाही.

व्यवसायबंधूंना माझी विनंती एवढीच, की केसपेपरवर ‘निदान अद्याप झालेले नाही’ असे लिहिण्यात कमीपणा मानू नये. आणि पालकांनी, कोणी गहू सोडण्यास सांगितले, तर नम्रपणे विचारावे : ‘डॉक्टरसाहेब, त्याआधी रक्त तपासायचे ना?’