दुरुस्ती हवी, पण कारणासहित!

संगणकाचा प्रोग्राम लिहिताना चूक झाली की एडिटरमध्ये त्या ओळीखाली तांबडी नागमोडी रेघ उमटते. शेजारी पिवळा दिवा लागतो आणि तयार दुरुस्ती पुढे येते. ती स्वीकारली की रेघ नाहीशी! परंतु रेघ गेली म्हणजे चूक गेली काय?

लाल्या पडलेल्या पऱ्हाटीची लाल पाने खुडून टाकली तर शेत हिरवे दिसेल. मॅग्नेशियमची उणीव मात्र तशीच राहील. प्रोग्रामचेही तसेच आहे. गुणांची सरासरी काढताना यादीच रिकामी असेल, तर शून्याने भागण्याची पाळी येऊन प्रोग्राम थांबतो. 'चूक आल्यास शून्य छाप' ही दुरुस्ती स्वीकारली की तो थांबत नाही. पण ज्या वर्गाची परीक्षाच झाली नाही, त्याची सरासरी शून्य छापली जाते. तक्रार मिटते, खोटे शिल्लक राहते.

हा केवळ तर्क नव्हे. 'जेनप्रोग' या आपोआप दुरुस्ती करणाऱ्या साधनाने 105 पैकी 55 दोष दूर केल्याचे 2012 साली जाहीर झाले. 2015 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी त्या दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा खरोखर बरोबर अवघ्या 2 निघाल्या! बहुतेक ठिकाणी अडचणीचे कामच प्रोग्राममधून काढून टाकल्यासारखे झाले होते.

अशी साधने नकोत, असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या घरात त्याच्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्याला रात्री अडल्यावर विचारायचे कोणाला? त्याला हा दिवा मोठाच आधार आहे. म्हणूनच तो प्रामाणिक हवा. दुरुस्ती करण्यापूर्वी त्याने विचारावे, ती का सुचवली हे सांगावे, तिने आणखी काय बदलेल हे दाखवावे, आणि हे सारे मराठीतही सांगावे. इंग्रजीतले कारण न कळल्यामुळे नुसते बटण दाबणारा विद्यार्थी प्रोग्राम शिकत नाही, आज्ञा पाळायला शिकतो.

मराठीचे प्राध्यापक 'कवि' खोडून 'कवी' लिहितात, तेव्हा शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा, हा नियमही सांगतात. त्यामुळे पुढच्या वेळी 'गुरु'चा 'गुरू' विद्यार्थी स्वतःच करतो. यंत्राकडूनही आपण याहून कमी अपेक्षा का ठेवावी?