'किती लागतील?' विचारायच्या आधी

घरात कुणाचं मोठं ऑपरेशन निघालं की सीमाभागातल्या आपल्या माणसांचा पहिला प्रश्न ठरलेला: किती लागतील? बेळगावात एक आकडा, मिरजेत दुसरा, कोल्हापुरात तिसरा. त्यातला कमीचा धरून आपण मोकळे होतो. अपेंडिक्सला हे एकवेळ चालेल. पण लिव्हरचा भाग कापून काढायचा असेल, तर हा हिशेब अर्धवट आहे असं माझं मत आहे.

पॅकेजचा आकडा सगळं सुरळीत झालं तरचा असतो. लिव्हर म्हणजे रक्तवाहिन्यांचं जाळं. रक्तस्राव झाला, पित्त गळालं, इन्फेक्शन झालं किंवा उरलेलं लिव्हर पुरेसं काम करेना, की आयसीयूचे दिवस वाढतात. परत स्कॅन, रक्ताच्या पिशव्या, कधी दुसरं ऑपरेशन. शेत गहाण पडतं ते इथं.

मग दुसरा प्रश्न विचारायला हवा: हे ऑपरेशन इथं वर्षाला किती होतात?

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९९०च्या दशकातल्या लिव्हर ऑपरेशनांचा अभ्यास झाला. वर्षाला चाळीसएक ऑपरेशनं करणाऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलात मृत्यूचं प्रमाण १.५ टक्के होतं. वर्षाला एखाद-दुसरं करणाऱ्या बाकीच्या हॉस्पिटलांत ते ७.९ टक्के होतं. त्याच राज्यात स्वादुपिंडाच्या मोठ्या ऑपरेशनांचा हिशेब मांडला, तेव्हा जास्त ऑपरेशनं करणाऱ्या ठिकाणी मृत्यूही कमी आणि खर्चही कमी निघाला.

कारण साधं आहे. हा एकट्या सर्जनच्या हाताचा खेळ नाही. भूल देणारे डॉक्टर, रात्रपाळीची आयसीयू नर्स, रक्तपेढी, पोट न उघडता नळी घालून पित्त काढणारा रेडिओलॉजिस्ट, या सगळ्यांना सवय लागते. गुंतागुंत चांगल्या ठिकाणीही होते. ती वेळेत ओळखून पेशंटला वाचवणं सवयीनं जमतं.

नुसती संख्या म्हणजे सगळं नाही, हे मान्य. पण नुसती मोठी बिल्डिंग म्हणजेही काही नाही. हार्टची शेकडो ऑपरेशनं करणाऱ्या हॉस्पिटलात लिव्हरची चारच होत असतील.

मित्रांनो, घरात रिपोर्ट वाचणारे आणि फोन लावणारे तुम्हीच असता. म्हणून विचारा: गेल्या वर्षी नेमकी हीच ऑपरेशनं किती केली? किती जणांना परत ऑपरेशन लागलं? किती दगावले? पॅकेजबाहेर काय आणि आयसीयूचा दिवसाला दर काय? उत्तर टाळलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. जाण्या-येण्याचा, राहण्याचा खर्च वाढेल. तो चुकलेल्या ऑपरेशनपेक्षा कमीच असेल.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण पैसे कोण देणार एवढंच कळून भागत नाही, कुठं जायचं तेही कळायला हवं. योजनेत प्रत्येक ऑपरेशनचं बिल सरकारकडं जातं, म्हणजे मोजदाद सरकारकडं आहेच. महाराष्ट्रानं आणि कर्नाटकानंही आपापल्या योजनांतला हा आकडा हॉस्पिटलनिहाय, मराठीत आणि कन्नडमध्ये जाहीर करावा.

ही मागणी आपण लावून धरायची. पेशंट कुठल्याही बाजूचा असो, त्याला हे आधी कळलं पाहिजे.