परीक्षकांचे कान आणि डोळे

गायनाच्या स्पर्धेत गळ्याची परीक्षा व्हावी, हे मुद्दाम सांगण्याची वेळ येऊ नये. तथापि पाश्चात्त्य अभिजात गायनाच्या ज्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा गेली चार दशके गाजत आल्या आहेत, त्यांचे निकाल लागले की एक प्रश्न हलक्या आवाजात हमखास विचारला जातो. परीक्षकांनी गुण दिले ते आवाजाला, की तो आवाज ज्या देहातून आला त्या देहाला? आणि त्या देहाचे छायाचित्र ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर कसे दिसेल, या हिशेबाला? प्रश्न विचारणारे बहुधा हरलेल्यांचे गुरू किंवा चाहते असतात, आणि म्हणून तो कोल्ह्याच्या आंबट द्राक्षांत जमा केला जातो. तो इतक्या स्वस्तात निकालात काढण्यासारखा नाही.

वेल्समधील कार्डिफ येथे बी.बी.सी.ने १९८३ साली सुरू केलेली ‘सिंगर ऑफ द वर्ल्ड’ ही या स्पर्धांतील अग्रगण्य स्पर्धा. तिचे १९८९ चे वर्ष अजून विसरले गेलेले नाही. सैबेरियातून आलेला दिमित्री ह्वोरोस्तोव्स्की आणि वेल्सचाच ब्रिन टर्फेल असे दोन बॅरिटोन समोरासमोर आले. ह्वोरोस्तोव्स्की सव्वीस वर्षांचा, सडपातळ, अकाली रुपेरी झालेल्या केसांचा, रंगमंचावर पाऊल टाकताच नजर खिळवून ठेवणारा. टर्फेल तेवीस वर्षांचा, धिप्पाड आणि रांगडा. मुख्य पारितोषिक ह्वोरोस्तोव्स्कीला मिळाले, गीतगायनाचे टर्फेलला. रुपाने बाजी मारली, असा निष्कर्ष येथे काढणे सोपे आहे आणि चुकीचेही. ह्वोरोस्तोव्स्कीचा दमसास आणि मखमली आवाज २०१७ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत जगाने ऐकला. टर्फेलही तितक्याच मोठ्या पदाला पोहोचला. पुढे २०१३ साली याच स्पर्धेत अमेरिकेच्या जेमी बार्टनने मुख्य आणि गीतगायनाचे अशी दोन्ही पारितोषिके जिंकली. आपल्या स्थूल देहाविषयी ही गायिका कोणताही संकोच न बाळगता जाहीरपणे बोलत आली आहे. तेव्हा विजेत्यांच्या याद्या चाळून ‘देखण्यांनाच बक्षिसे मिळतात’ असे सिद्ध करू पाहणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही.

मग आक्षेपाला आधार कोणता? तो अधिक खोल जागी आहे. स्वतः पियानोवादक असलेल्या चिया-जुंग त्साय या संशोधिकेने २०१३ साली आपले काही प्रयोग प्रसिद्ध केले. अभिजात संगीताच्या दहा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील अंतिम तिघांच्या सादरीकरणाचे काही सेकंदांचे तुकडे तिने लोकांसमोर ठेवले आणि प्रत्यक्षात कोण जिंकले असेल ते ओळखण्यास सांगितले. काहींना केवळ आवाज ऐकवला, काहींना आवाज आणि चित्र दोन्ही, तर काहींना नुसते मुके चित्र. आश्चर्य असे की मुके चित्र पाहणाऱ्यांनीच विजेता अधिक वेळा अचूक ओळखला. नुसता आवाज ऐकणाऱ्यांचा अंदाज तिघांतून डोळे मिटून एक निवडावा त्याहून सरस ठरला नाही. हे सामान्य श्रोत्यांचेच झाले असे नव्हे; व्यावसायिक संगीतज्ञांचीही हीच गत झाली. संगीतात ध्वनी हाच सर्वांत महत्त्वाचा, असे ठामपणे सांगणाऱ्यांचीही!

येथे घाई करून चालणार नाही. त्सायच्या प्रयोगांत मूक चित्रांतून लोकांना दिसले ते नाकीडोळी सौंदर्य नव्हे, तर वादकाची तन्मयता आणि आवेश. चेहऱ्यावरची तल्लीनता हाही कलेचाच भाग आहे, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी खोडून काढता येणार नाही. आपल्याकडेही मैफल ‘ऐकायला’ गेलेला रसिक गवयाच्या हातवाऱ्यांसकट ती अनुभवत असतो. परंतु ज्याला स्वतःचे डोळे आपल्या कानांना फसवत आहेत याची जाणीवच नाही, असा परीक्षक प्रामाणिक असूनही अन्याय करू शकतो. लाचखाऊ परीक्षकाला पकडता येते. या परीक्षकाला त्याचे त्यालाही पकडता येत नाही.

दुसरा मुद्दा बाजाराचा, आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. या स्पर्धांचे परीक्षक कोण असतात ते पाहावे. प्लासिदो डोमिंगो यांनी १९९३ साली सुरू केलेल्या ‘ऑपेरालिया’ स्पर्धेच्या परीक्षक मंडळात ऑपेरागृहांचे संचालक आणि पात्रनिवड करणारे अधिकारी यांचाच भरणा असतो. यात लपवाछपवी नाही; किंबहुना स्पर्धकांना तेच आकर्षण असते, कारण बक्षीस हुकले तरी एखादे काम पदरात पडते. स्पर्धा हे व्यवसायाचे दार असणे नवीनही नाही. पावारोत्ती १९६१ साली इटलीतल्या रेज्जो एमिलियाची स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी तेथेच ‘ला बोएम’मधील रोदोल्फोच्या भूमिकेत प्रथम उभा राहिला. मात्र खरेदीदारच परीक्षक झाला, की गुणपत्रिका आणि मागणीपत्रक यांत भेद उरत नाही. मग खरेदीदाराला काय हवे आहे, हेच गायनाचे प्रमाण ठरते.

आणि खरेदीदाराची गरज बदलली आहे. २००६ च्या डिसेंबरपासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराने आपले प्रयोग थेट चित्रपटगृहांत दाखवण्यास आरंभ केला, मुंबईच्या एन.सी.पी.ए.मध्येही ही प्रक्षेपणे दाखवली गेली आहेत. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला जी गायिका वीतभर दिसत असे, तिची भुवई आता भिंतीएवढी दिसते. त्याआधीच, २००४ साली, लंडनच्या कॉव्हेंट गार्डनने डेबोरा व्हॉईट या मान्यवर सोप्रानोला ‘आरिआद्ने आउफ नाक्सोस’मधून वगळल्याचे प्रकरण गाजले होते. कारण काय, तर नायिकेसाठी योजलेला काळा झगा तिच्या स्थूल अंगाला शोभणार नाही. तिने शस्त्रक्रिया करवून वजन घटवले आणि २००८ साली त्याच रंगमंचावर तीच भूमिका गायली. २०१४ साली ग्लाइंडबोर्नच्या ‘रोझेनकॅव्हॅलियर’मध्ये तारा एरॉट हिने ऑक्टाव्हियनची भूमिका केली, तेव्हा इंग्लंडच्या बड्या वृत्तपत्रांतील समीक्षकांनी तिच्या गळ्याऐवजी तिच्या अंगकाठीचेच वर्णन केले. त्यावर गायकवर्गातून संतापाची लाट उसळली, हे योग्यच झाले.

ऑक्टाव्हियन हा तरुण मुलगा, आणि परंपरेने ती भूमिका स्त्रीच गाते. ज्या कलेने एवढा मोठा संकेत सहज पचवला, तिला चार शेर वजन पचू नये? ऑपेरा हे नाट्य आहे, तेव्हा भूमिकेला साजेसे रूप हवेच, हा युक्तिवाद मराठी माणसाला तरी ऐकवू नये. वय उतरणीला लागल्यावरही बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळे भरून पाहिल्या. रंगभूमीवरचे रूप स्वर निर्माण करतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. (बालगंधर्व तारुण्यात विलक्षण देखणे होते आणि त्या देखणेपणाची पुण्याई पुढे कामी आली, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडा.)

यात नुकसान कोणाचे? केवळ स्थूल गायिकांचे नव्हे. ध्वनिवर्धकाशिवाय ऐंशी वादकांच्या वाद्यमेळावर तरंगणारा आवाज ही शरीरशास्त्रीय नवलाची गोष्ट आहे. सुमारे तीन हजार हर्ट्झच्या आसपास, जेथे वाद्यमेळाचे बळ ओसरलेले असते, तेथे कसलेल्या गायकाच्या आवाजात ऊर्जेचा एक पुंजका तयार होतो. स्वीडनच्या योहान सुंडबेर्ग यांनी हे उलगडून दाखवले. हा गुण भरल्या सभागृहात बसूनच कळतो. स्पर्धांची प्राथमिक निवड मात्र पुष्कळदा चित्रफितींवरून होते, आणि तोंडाजवळच्या ध्वनिग्राहकाला लहान, गोंडस आवाज आणि अफाट आवाज सारखेच. याउलट कॅमेऱ्याला चेहऱ्यांतला फरक नेमका कळतो! त्यात वाग्नरच्या नायिका गाऊ शकणारे भारदस्त आवाज पिकतात ते तिशी उलटल्यावर, आणि ऑपेरालियाचे दार बत्तिशीनंतर बंद होते. लवकर फुलणारा, सुबक दिसणारा, पडद्यावर शोभणारा कलावंत पुढे सरकतो. उशिरा पिकणारा गावी परत जाऊन शिकवण्या करू लागतो, आणि दहा वर्षांनी ऑपेरागृहांचे चालक ‘मोठे आवाज हल्ली कोठे मिळतात?’ म्हणून हळहळतात.

उपाय अज्ञात नाही. अमेरिकेतील वाद्यवृंदांनी १९७० नंतर उमेदवाराला पडद्याआड बसवून ऐकण्याची पद्धत स्वीकारली. पावलांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून गालिचे अंथरले, काही ठिकाणी पादत्राणे काढावयास लावली. या पद्धतीने स्त्रियांची निवड किती वाढली, याचे क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउझ यांनी २००० साली मांडलेले गणित पुढे वादग्रस्त ठरले. पण पडद्याचे तत्त्व त्या गणितावर अवलंबून नाही. आपल्या आकाशवाणीचेच पाहा. १९५२ नंतर बाळकृष्ण केसकर मंत्री असताना श्रीकृष्ण रातंजनकरांच्या नेतृत्वाखाली कलावंतांच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा केवढे वादळ उठले! नामवंतांनी बहिष्कार घातले, आणि त्यांच्या काही तक्रारींत तथ्यही होते. तरीही ध्वनिमुद्रण ऐकून श्रेणी ठरवण्याची जी रीत पुढे रुळली, तिने अनेक आडगावच्या, सामान्य रुपाच्या, विना-वशिल्याच्या गळ्यांना न्याय दिला. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉएजर यानांतून अंतराळात गेली, तीही निव्वळ स्वर म्हणूनच.

अर्थात अंतिम फेरीपर्यंत पडदा ठेवावा, असे माझे म्हणणे नाही. ऑपेराच्या गायकाला चालता-बोलता आले पाहिजे. परंतु पहिली फेरी पडद्याआड, प्रत्यक्ष सभागृहात व्हावी. परीक्षकांत निम्मे तरी असे असावेत, ज्यांना उद्या कोणालाही काम द्यावयाचे नाही: निवृत्त गायक, गुरू, साथीदार पियानोवादक. प्रत्येक परीक्षकाचे गुण निकालानंतर प्रसिद्ध व्हावेत. ज्यांना बाजारासाठीच माल निवडावयाचा आहे, त्यांनी स्वतंत्र पारितोषिक ठेवून त्याला तसे नाव द्यावे.

आपल्याकडच्या वाहिन्यांवरील गायनस्पर्धांत नाट्यगीते आणि रागदारी गाणाऱ्या मुलांचे भवितव्य प्रेक्षकांच्या लघुसंदेशांवर सोपवण्याचा प्रकार २००८ च्या सुमारास घरोघर पाहिला गेला. तेथे निदान मतांचा बाजार उघड्यावर मांडलेला होता. शास्त्रीय गायनाच्या स्पर्धांचे जे संयोजक प्रवेशअर्जासोबत छायाचित्र जोडावयास सांगतात, त्यांनी ते कशासाठी हवे हे एकदा सांगावे. ओळख पटवण्यासाठी हवे असेल, तर ते कार्यालयात राहू द्यावे. परीक्षकांच्या पुढ्यातील कागदावर त्याचे काय काम?