खेळायची परवानगी कोणाची?

आमच्या अभ्यासिकेत चार जुने संगणक आहेत. एका कार्यालयाने ते मोडीत काढले होते. आम्ही ते मागून आणले आणि त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवली. परवान्याला एक पैसा लागला नाही. पण आठवडाभरातच मुले तक्रार घेऊन आली, "सर, यावर गेम चालत नाहीत. हा खरा कॉम्प्युटर नाही!" दुरुस्तीवाल्याने उपाय सुचवला : चोरीची विंडोज टाकून देतो. आम्ही नकार दिला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हाच गुन्हा आहे. मुलांच्या अभ्यासिकेत तो कशाला?

मुलांनी अभ्यास करावा, खेळ कशाला हवेत, असे काही कार्यकर्ते बंधू विचारतात. सुखवस्तू घरातील मुलाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. खेळता खेळताच त्याची संगणकाची भीती मोडते, मग तोच पुढे प्रोग्राम लिहू लागतो. आमच्या मुलांनी मात्र फक्त टायपिंग शिकावे काय?

तेव्हा वस्तुस्थिती तपासली पाहिजे. बहुतेक खेळ विंडोजसाठी लिहिलेले असतात. खेळ विंडोजकडे काम मागतो, लिनक्सला ती भाषा कळत नाही. १९९३ पासून 'वाईन' नावाचा मुक्त प्रकल्प दुभाष्याचे हे काम करीत आहे. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने त्याच पायावर 'प्रोटॉन' आणले आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारे 'स्टीम डेक' हे हातातले यंत्र बाजारात आणले. आज विंडोजचे हजारो खेळ लिनक्सवर चालतात. व्हॉल्व्हने हा काही दानधर्म केलेला नाही. आपली दुकानदारी मायक्रोसॉफ्टच्या मर्जीवर राहू नये, हा तिचा हिशेब आहे. पण त्यामुळे वाट मोकळी झाली, हे खरे.

मग अडते कुठे? आमच्या संगणकांत नव्या खेळांना लागणारे ग्राफिक कार्ड नाही, हे मान्य. तो पैशाचा प्रश्न आहे. पण नवे, ताकदीचे यंत्र घेतले तरी काही दारे उघडत नाहीत. ऑनलाईन खेळांत लबाडी पकडणारे पहारेकरी प्रोग्राम असतात. 'ईझी अँटी-चीट' आणि 'बॅटल-आय' या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी २०२१ पासून प्रोटॉनवर चालण्याची सोय केली आहे. मात्र परवानगी खेळाच्या मालकाने द्यायची. 'ईझी अँटी-चीट' ज्या एपिक कंपनीचा, तिचाच 'फोर्टनाईट' लिनक्सवर चालू दिला जात नाही! सप्टेंबर २०२४ मध्ये 'जीटीए ऑनलाईन'ला बॅटल-आय लावले गेले आणि पैसे मोजून खेळ घेतलेले लिनक्सचे खेळाडू ऑनलाईन खेळातून बाहेर फेकले गेले. त्याच वर्षी 'एपेक्स लेजंड्स'नेही दार लावले.

कंपन्या म्हणतात, लिनक्सच्या आडून लबाडी होते. मुक्त प्रणालीचा गाभाच वापरणाऱ्याला बदलता येतो, म्हणून पहारा कठीण होतो, ही अडचण आम्ही नाकारत नाही. पण विंडोजवर लबाड नाहीत काय? लबाडी करणाऱ्याला जरूर हाकला. काहींच्या लबाडीसाठी सगळ्यांनाच संशयित ठरवून बाहेर ठेवणे कोणत्या न्यायात बसते?

आमच्या कायद्याने स्वतंत्रपणे लिहिलेले प्रोग्राम एकमेकांशी जुळावेत म्हणून लागणारी माहिती मिळवण्याची मुभा कलम ५२ मध्ये दिली आहे. म्हणजे दुभाष्याचे काम ही चोरी नव्हे. म्हणून आमची मागणी साधी आहे. खेळ कोणत्या प्रणालीवर चालतो, हे विकण्यापूर्वी ठळक सांगा. विकल्यानंतर दार लावाल, तर पैसे परत करा. आणि पालकांनी संगणक घेताना चोरीची प्रत नाकारावी, खेळ चालतो की नाही हे आधी विचारावे.

तोवर आमची मुले 'सुपरटक्सकार्ट' खेळतात. मुळातच लिनक्सवर चालणारा, फुकट आणि कोणाच्या परवानगीची गरज नसलेला हा शर्यतीचा खेळ आहे. परवा एका मुलीने विचारले, "सर, हा बनवतात कसा?" त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. आम्ही तिला ती उघडून दाखवली.