आधी पाइप काढा

गेल्या आंब्याच्या मोसमातली गोष्ट. जुम्म्याचा दिवस, नमाजची वेळ जवळ आलेली आणि आमच्या घरामागच्या शेडमध्ये अर्धवट ठोकलेल्या पेट्यांचा ढीग. माझ्या जावेचा मुलगा, वय एकोणीस, डाव्या हाताला फडकं गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "चाची, थोडी हळद दे आणि पक्कड कुठे आहे ती सांग. पिन लागलीय, बाकी काही नाही."

फडकं सोडून पाहिलं तर रक्त फारसं नव्हतंच. तर्जनीच्या मधल्या सांध्याजवळ एक काळा ठिपका आणि बोटाच्या दुसऱ्या बाजूने पिनेचं टोक बाहेर आलेलं. तीस मिलिमीटरची पिन बोटात आडवी बसली होती. तो ती पकडीने ओढून काढणार होता, वर हळद भरणार होता आणि नमाजनंतर पुन्हा कामाला लागणार होता.

मी पक्कड दिली नाही. बोट हलू नये म्हणून हाताखाली जाड पुठ्ठा ठेवून सैल पट्टी बांधली, ज्या पिना चालू होत्या त्यांची एक पट्टी बरोबर घेतली आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात आधी एक्स-रे, मग धनुर्वाताचं इंजेक्शन, मग पिन काढणं. ती पट्टी नेली हे बरं झालं. या पिना एकमेकींना गोंदाने चिकटवलेल्या असतात, आणि त्या गोंदाचा कण आत राहिला तर जखम पिकते. बाहेरून भोक सुईएवढं दिसतं, पण आत सांधा असतो, शिरा असतात. त्याचं बोट आज वाकतं, पण मूठ पूर्ण मिटत नाही.

मी मिस्त्री नाही, मिस्त्रीची बायको आहे. पण शेडचा हिशेब, पिनांची खरेदी आणि गेली काही वर्षं फोटोफ्रेम, खुर्च्यांच्या बैठका असली हलकी कामं माझ्याकडे आहेत. त्यामुळे गन माझ्याही हातात असते. रत्नागिरीत आता उद्यमनगरपासून गावच्या वाडीपर्यंत कुठल्याही सुतारकामावर कॉम्प्रेसरचा आवाज ऐकू येतो. ज्या घरांत हे हत्यार आलं आहे, त्या घरांतल्या सगळ्यांसाठी हा महिन्याचा लेख.

ते बोट गेलं कसं? गन अडकली होती. पिन तोंडात वाकून बसली होती. मुलाने पाइप तसाच लावलेला ठेवून गन उलटी केली, डाव्या हाताने तोंडाची पट्टी उघडायला गेला आणि उजव्या हाताचं बोट चापावर होतं. बस, एवढंच. लाकूड ठोकताना नव्हे, गन दुरुस्त करताना.

आमच्याकडची सगळ्यात चालती गन एफ ३०. दुकानात नाव विचारलं की तेच सांगतात. त्यापुढे टी ५०, आणि काँक्रीटमध्येही खिळा बसवणारी एसटी ६४. या नावांतला आकडा म्हणजे ती गन जास्तीत जास्त किती मिलिमीटर लांब पिन घेते ते. आत दट्ट्या असतो, त्याला पोलादी पातं. चाप दाबला की हवा दट्ट्याला ढकलते आणि पातं पिनेला. गाडीच्या चाकात साधारण ३० पीएसआय हवा असते. गनला ७० ते १०० लागते. ही हवा पाइपात असेपर्यंत गन भरलेली आहे, मग कॉम्प्रेसर बंद असो नाहीतर वीज गेलेली असो. बटण बंद केलं म्हणजे झालं, असं आमच्याकडे कितीतरी जण धरून चालतात. टाकीत हवा तशीच असते.

म्हणून अडकलेली पिन काढायची असेल, तोंड पुसायचं असेल, पट्टी भरायची असेल किंवा गन दुसऱ्याच्या हातात द्यायची असेल, तर आधी पाइप काढा. इथे एक बारीक गोष्ट आहे, जी मला स्वतःला बरीच उशिरा कळली. पाइप जोडायचे दोन तुकडे असतात. एक साधी नळी, आरपार उघडी. दुसरा कपलर, ज्याच्या आत झडप असते. साधी नळी गनवर हवी आणि झडपेचा कपलर पाइपाच्या टोकाला. तसं असलं की पाइप काढताच फुस्स करून गनमधली हवा निघून जाते. कुणी घाईत उलटं बसवलं असेल, म्हणजे झडपेचा कपलर गनवर, तर पाइप काढल्यावरही आत एका ठोक्यापुरती हवा कोंडून राहते. आज शेडमध्ये जाऊन एवढं तरी पाहा. पाइप काढताना गनमधून हवा सुटल्याचा आवाज आला नाही तर जोडणी उलटी आहे.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे चाप. मोठ्या गनच्या तोंडाला दबणारा एक भाग असतो. तो लाकडावर दाबल्याशिवाय पिन सुटत नाही. त्यातही दोन प्रकार. एकात आधी तोंड टेकवायचं, मग चाप ओढायचा, आणि दर पिनेला चाप सोडून पुन्हा ओढायचा. दुसऱ्यात चाप दाबूनच ठेवायचा आणि तोंड टेकवत जायचं, टक टक टक. काम भराभर होतं म्हणून कारागिरांना दुसरा आवडतो. पण धक्क्याने गन उडते, परत टेकते आणि न मागता दुसरी पिन सुटते. चाप धरून चालताना मांडीला किंवा शेजारच्याला तोंड लागलं तरी तेच. अमेरिकेत २००१ ते २००५ या वर्षांत नेल गनच्या जखमांमुळे सरासरी दरवर्षी ३७,००० लोक तातडीच्या उपचाराला गेले, असा तिथल्या सरकारी आरोग्य खात्याचा अंदाज आहे. तिथल्याच कामगार सुरक्षा खात्याने २०११ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत सांगितलं आहे की टक टक चालणाऱ्या चापात जखमेचा धोका एकेक पिन सोडणाऱ्या चापाच्या दुप्पट असतो, आणि निम्म्याहून अधिक जखमा हाताला आणि बोटांना होतात.

आपली गन कोणत्या प्रकारची, ते ओळखायचं असेल तर सगळ्या पिना काढा, मग पाइप लावा, चाप ओढून धरा आणि तोंड भंगार फळीवर दाबा. ठोका पडला तर ती टक टकवाली. तोंड हवेत असताना नुसता चाप ओढूनच ठोका पडला, तर त्या गनला तोंडाची कळच नाही. आमची पहिली, स्वस्तातली गन तशीच होती. अशी गन शिकाऊ मुलाच्या हातात देऊ नये, हे माझं स्पष्ट मत. आणि ज्या गनला कळ आहे, तिची कळ तारेने बांधून ठेवणारा कारीगर कितीही हुशार असला तरी त्याला शेडमध्ये ठेवू नये.

हात कुठे असावा? ठोक्याच्या जागेपासून हातभर नाही, पण फूटभर तरी लांब. पेटीची फळी पातळ असते, पिन पलीकडे निघते. लाकडात गाठ असली की पिन वळून बाजूने बाहेर येते. म्हणून पेटीच्या कोपऱ्यामागे बोटं धरण्याऐवजी क्लॅम्प लावा. डोळ्यांना सुरक्षा चष्मा हवाच, नंबरचा चष्मा त्या कामाचा नाही. चष्मा घेताना त्यावर आयएस ५९८३ लिहिलं आहे का ते पाहा. आणि संध्याकाळी अंगावरचा भुसा उडवायला तोच पाइप अंगावर मारतात, ते बंद करा. जोराची हवा जखमेतून किंवा कातडीखाली गेली तर जीवावर बेतू शकतं.

रमजानमध्ये आम्ही असरनंतर गन बंद ठेवतो. पोट रिकामं, घसा कोरडा आणि लक्ष घड्याळाकडे. त्या वेळेत खिळे मोजणं, फळ्या लावून ठेवणं अशी कामं होतात. मोसमात आंबेवाल्याचा फोन दर तासाला येतो, येऊ दे.

एक गोष्ट जरा आवाज चढवूनच सांगते. पावसाळ्यात वीज गेली की शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजनचा सिलिंडर गनला जोडू, अशी अक्कल कुणीतरी काढतंच. ऑक्सिजन किंवा दुसरा कुठलाही सिलिंडरचा गॅस गनला लावायचा नाही. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की गन हातातच फुटते. गनसाठी फक्त कॉम्प्रेसरची हवा.

आता निगा. आपल्या कोकणच्या हवेत पाणीच पाणी. ती दाबली की पाणी टाकीच्या तळाला साचतं. जुलैत आमच्या टाकीतून रोज वाटीभर गंजकट पाणी निघतं. काम संपलं की हवा कमी करून टाकीखालचा नळ उघडायचा आणि पाणी निघून गेल्यावरच बंद करायचा. हे टाळलं तर टाकी आतून गंजून पातळ होते आणि बाहेरून रंग मात्र नवा दिसतो. टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून पाहावी. हवा सुटली पाहिजे. तो गळतो म्हणून खिळा ठोकून बंद केलेला मी पाहिला आहे.

सकाळी काम सुरू करण्याआधी गनच्या हवेच्या तोंडात दोन-तीन थेंब तेल. हवेच्या अवजारांचं वेगळं तेल मिळतं, तेच घ्यावं. गाडीचं इंजिन ऑइल, रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे आतल्या रबरी कड्या फुगवतो, मग हवा गळते. बिनतेलाची गन असेल तर तिच्यावर तसं लिहिलेलं असतं, तिला तेल घालू नका. पहिले चार ठोके भंगार लाकडावर मारा, नाहीतर तेलाचे शिंतोडे ग्राहकाच्या रेक्झिनवर उडतात. हवेचा दाब कमीपासून सुरू करून पिन सपाट बसेल एवढाच ठेवावा आणि गनवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नेऊ नये. पिना मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गंजलेली पिन अडकते, आणि अडकली की पुन्हा त्या बोटाची गोष्ट.

जखम झालीच तर पिन ओढू नका. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. डोळ्याला लागली तर चोळू नका, पाणी मारू नका. दाब येणार नाही अशा बेताने वर कागदी कप ठेवून चिकटपट्टीने अडकवा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

इमारतींच्या कामावर जाणाऱ्या सुतारांच्या घरांसाठी एक. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाचा आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केलेला कामगार नोंदणी करू शकतो. मंडळाच्या योजनांत सुरक्षा संचही आहे. आखातात जाणाऱ्या मुलांच्या आयांनी मात्र बॅग भरताना लोणच्याच्या बरणीशेजारी एक चांगला सुरक्षा चष्मा ठेवावा.

आमच्या शेडच्या दाराशी मी आता एक खुंटी मारून घेतली आहे. जेवायला, नमाजला, चहाला बाहेर पडणाऱ्याने पाइप काढून त्या खुंटीवर लटकवायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती खुंटी दिसते. रिकामी दिसली की मी हाक मारते, आणि सगळ्यात आधी जावेचा मुलगाच उठून जातो.