एप्रिलची छाटणी

गार पडून गेली की पहिले दोन दिवस बागेला वास येत नाही. तिसऱ्या दिवशी येतो. फुटलेल्या मण्यांतली साखर आंबायला लागते, बारीक चिलटं जमतात आणि डोक्यात जाणारा आंबूस वास पार बांधापर्यंत पोचतो. मी घरी पोचलो तो नेमका तिसऱ्या दिवशी. मार्च 2014. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात कुठे ना कुठे पडतच होती. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावावरून ती दुपारी चारच्या सुमाराला गेली. वीस मिनिटं. काढणीला आठ दिवस उरले होते.

ओट्यावर सतरंजी टाकलेली होती. कुणाच्या घरी माणूस गेल्यावर टाकतात, तशीच. लोक येत होते, बसत होते, चहा नको नको म्हणत घेत होते. तलाठी आणि कृषी सहायक पंचनामा करून गेले होते. लोकसभेची आचारसंहिता लागलेली, त्यामुळे मदत कधी आणि किती, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. पांढऱ्या गाड्यांतून पुढारीही येऊन गेले. फुटका घड हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतले आणि हात पुसायला फडकं मागितलं. जो तो जाताना एक वाक्य ठेवून जात होता. धीर सोडू नका. दिवस राहत नाहीत. तुम्ही तर खंबीर माणूस.

सगळ्यांत वाईट माझीच गत होती, कारण मी लिहून पोट भरणारा माणूस. पुण्याहून निघाल्यापासून एसटीत मी वाक्यं जुळवत होतो. माझ्या काकांशेजारी, आप्पांशेजारी बसून त्यातलं पहिलं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रजा मिळंल का तुला?"

"कशाला?"

"खरड छाटणीला. माणसं मिळायची नाहीत यंदा. पैसे कोण देणार त्यांना, हे त्यांना बी कळतं ना."

समोर साडेतीन एकर बाग जमिनीवर पडलेली आणि हा माणूस पुढच्या महिन्याचं बोलत होता. मला तेव्हा वाटलं, धक्का बसलाय. आज वाटतं, सतरंजीवर बसलेल्या आम्हा सगळ्यांत शुद्धीवर तेवढे एकच होते.

आता द्राक्षाचं गणित थोडं सांगावं लागेल. बागाईतदार वाचकांनी हा भाग खुशाल सोडावा. आपल्याकडे द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात आणि पीक मात्र एकदाच घेतात. ऑक्टोबरच्या आसपासची ती गोडी छाटणी. तिच्यानंतर घड बाहेर पडतात, फेब्रुवारी-मार्चात माल निघतो. एप्रिलची ती खरड छाटणी. नावाप्रमाणेच खरडून काढायची. ओलांड्यावरची, म्हणजे तारेवर आडव्या नेलेल्या जाड फांदीवरची, प्रत्येक काडी एका डोळ्यावर आणून ठेवायची. डोळा म्हणजे काडीवरचा फुगीर कोंब, ज्यातून नवी फूट निघते. छाटून झालेली बाग पाहवत नाही. उघडे ओलांडे, तारा आणि लोखंडी अँगल, एवढंच उरतं.

पण खरी गंमत त्यापुढे आहे. त्या उघड्याबोडक्या ओलांड्यावर नव्या काड्या फुटतात आणि छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचा घड तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. घड डोळ्यात दडून बसतो तो थेट ऑक्टोबरनंतर बाहेर येतो. या दिवसांत डोळ्यावर ऊन पडावं लागतं, पाणी हात राखून द्यावं लागतं, फुटी विरळ कराव्या लागतात, शेंडे खुडावे लागतात. यात चुकलं किंवा आभाळ भरून आलं, की ऑक्टोबरात घडाच्या जागी नुसती बाळी निघते. वेल तारेला पकडायला सोडते ती वळणदार शेपटी. वर्षभर राबायचं आणि मांडवावर शेपट्या मोजायच्या.

म्हणून एप्रिलची छाटणी मेअखेरीवर ढकलता येत नाही. ढकलली तर घड धरायचे दिवस जुलैच्या ढगांत सापडतात. म्हणजे 2015 चं पीक ठरणार होतं ते 2014 च्या मे महिन्यात, घरात सगळ्यांची तोंडं सर्वांत उतरलेली असताना, सोसायटीचं कर्ज थकलेलं असताना आणि काकूच्या पाटल्या बँकेच्या तिजोरीत असताना. वेलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिची तारीख ठरलेली होती.

मी रजा काढून गेलो. आधी फुटके घड उतरवून खड्ड्यात टाकले होते, गारेनं सोललेल्या ओलांड्यांना बोर्डो पेस्ट लावून बागेला विसावा दिला होता. पेठ-सुरगाण्याकडून दरवर्षी येणाऱ्या टोळीतली निम्मीच माणसं आली. मजुरी ऑक्टोबरात घेऊ म्हणाली. उरलेल्या ओळी घरच्यांनी घेतल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगठ्याला फोड आले. कात्री चालवताना दर दोन-तीन काड्यांमागे एक गारेचा व्रण लागायचा, काळपट, बोटाच्या पेराएवढा. आप्पा व्रणाच्या खाली कापायचे. जिथे व्रणाखाली धड डोळाच नव्हता, तिथे थांबायचे, थोडा वेळ बघायचे आणि मग कापायचे.

आता कुणी म्हणेल, किती सकारात्मक माणूस! हा गैरसमज मला मिटवलाच पाहिजे. आप्पांइतका नकारात्मक माणूस मी पाहिलेला नाही. "यंदा काही खरं नाही" हे वाक्य त्यांनी मला कळायला लागल्यापासून दरवर्षी उच्चारलंय, भरघोस पीक आलं त्या वर्षीही. छाटणी करताना ते अखंड शिव्या देत होते. गारेला, दलालाला, वडिलोपार्जित ज्वारी मोडून बाग लावायचा सल्ला देणाऱ्या स्वतःच्या मेहुण्याला. एखाद्या प्रेरणादायी वक्त्यानं त्या दिवशी त्यांच्याकडे पाहिलं असतं, तर हा माणूस आधी मनानं हरलाय असंच म्हणाला असता. फक्त शिव्या देताना हात थांबत नव्हता.

तसे दिवस त्यांनी पूर्वीही पाहिले होते. 2010 साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या संजीवकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि ऐन हंगामात कंटेनर अडकले. हे संजीवक बागाईतदार वापरायचे कशासाठी? तर खरड छाटणीनंतर काडीची वाढ रोखून डोळ्यात घड नीट धरावा म्हणून. एका वर्षीच्या मे महिन्यातल्या फवारणीनं पुढच्या वर्षीच्या बंदरावर गाठलं. आमचा माल थेट तिकडे गेला नव्हता, पण तिकडचा परतलेला, अडलेला माल इकडच्या बाजारात आला आणि भाव झोपला. त्या वर्षी आप्पा आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी कात्रीला धार लावून आणली. मनाला लागण्याची, बोलणं बंद करण्याची मुदत असते, असं काहीसं त्यांच्या डोक्यात असावं. मुदत कॅलेंडर ठरवायचं.

मानसशास्त्रात यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यातली एकच गोष्ट मला इथे आठवते. 1967 च्या सुमाराला अमेरिकेत मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके काही केल्या थांबवता येत नव्हते, ती पुढे सुटकेची वाट समोर असूनही पडून राहिली. त्यावरून हतबलता ही शिकलेली असते, असा सिद्धांत निघाला आणि जगभर गाजला. जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. लांबलेल्या संकटात हातपाय गाळणं शिकावं लागत नाही, ते मेंदूत मुळातच असतं. शिकावं लागतं ते आपल्या हातात काहीतरी आहे, हे. स्वतःचाच गाजलेला सिद्धांत म्हातारपणी फिरवायला धाडस लागतं, त्याबद्दल मला दोघांचा आदर वाटतो. आणि वाचताना मला काय दिसलं, तर व्रणाखाली डोळा शोधणारी कात्री.

पण हे सगळ्यांना लागू करायला मी धजावत नाही. आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्यानं त्याच एप्रिलमध्ये बाग तोडली. बारा वर्षांची वेल, बुंध्याला करवत लावून. जेसीबीनं अँगल उपटले आणि भंगारात घातले. गावात कुजबुज झाली की गड्यानं कच खाल्ली. आप्पांनी त्या कुजबुजीत भाग घेतला नाही. संध्याकाळी ते शेजाऱ्याकडे गेले आणि उपटलेल्या तारांपैकी चांगल्या तारा विकत मागितल्या. शेजारी म्हणाला, घेऊन जा, पैसे नको. आप्पांनी पैसे दिलेच. तो पुढे मका आणि टोमॅटो करतो, बरा आहे. दर हंगामाला मांडवाखाली उभं राहून आभाळाकडे बघायचं नाही, एवढंच त्याला हवं होतं, असं तो मला नंतर म्हणाला. यात हार कुठली? कर्जाचा डोंगर अंगावर असलेल्या माणसाला आपण खुर्चीत बसून 'पुन्हा उभा राहा' म्हणतो, तेव्हा कुठे उभं राहायचं ती जमीन आपण त्याला दिलेली नसते. मराठवाड्यात, विदर्भात ज्या घरांत उभं राहायला माणूसच उरला नाही, त्या घरांसमोर तर हा शब्द उच्चारूही नये.

माझ्यावर पाळी आली ती 2020 मध्ये. टाळेबंदीच्या दुसऱ्याच महिन्यात मी जिथे काम करत होतो ती वर्तमानपत्राची आवृत्ती बंद झाली. फोनवर सांगितलं, तीन मिनिटांत. त्यानंतरचे दिवस मी पलंगावर पडून मोबाइलवर काढले. त्या काळात मला जेवढे उत्साहवर्धक संदेश आले, तेवढे आधी आणि नंतर कधी आले नाहीत. उगवता सूर्य, डोंगरमाथ्यावर उभा माणूस, वादळातलं जहाज. मी प्रत्येकाला हात जोडलेलं चिन्ह पाठवत होतो आणि कूस बदलत होतो.

आप्पांचा फोन आला. तिकडेही धड काही नव्हतं. ऐन काढणीत टाळेबंदी लागलेली, व्यापारी फिरकेनात, भाव मातीमोल. ते उरलेल्या मालाचा बेदाणा करत होते. द्रावणात बुडवायचं, जाळीवर पसरायचं, उलथत राहायचं. माझी बातमी त्यांना कळलेली होती. कसं वाटतंय वगैरे त्यांनी विचारलं नाही.

"मंग सकाळी उठून करतो काय तू?"

"काही नाही."

"असं कसं? काही तरी कर ना. नाही तर ये इकडं, बेदाणा उलथायला माणूस नाही."

"पास मिळत नाही आप्पा."

"मंग तिकडं काही तरी उलथ."

फोन ठेवल्यावर मला चांगला राग आला. राग आला म्हणून उठलो, उठलो म्हणून चहा केला आणि चहा झाल्यावर एका ओळखीच्या प्रकाशकाला शब्दामागे किती देता, असं विचारणारी मेल टाकली. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं मिळाली. पंपाची, फवारणीयंत्राची, एकदा पिठाच्या गिरणीची. सकाळी नऊ ते साडेबारा. मन उभारी धरेल आणि मग मी कामाला लागेन, या क्रमानं गेलो असतो तर अजून पलंगावर असतो. गिरणीची पुस्तिका संपेपर्यंत उभारी आलीच नाही. पैसे मात्र वेळेवर आले.

2014 च्या सप्टेंबरातली एक गोष्ट सांगायची राहिली. गोडी छाटणीच्या आधी काड्या तपासून घेण्याची पद्धत आहे. घड कितव्या डोळ्यात बसलाय ते कळलं, की तिथे काप घेता येतो. मी गणपतीनंतर गावी गेलेलो होतो, म्हणून आप्पांबरोबर प्रयोगशाळेत गेलो. ओल्या गोणपाटात बांधलेल्या वीस-पंचवीस काड्या, प्रत्येकीला शेताच्या कोपऱ्याची चिठ्ठी. एक तरुण मुलगी ब्लेडनं डोळा अलगद चिरायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि वहीत आकडा लिहायची. एका काडीवर गारेचा व्रण होता, ओलांड्यालगत, जुन्या भागावर. तिच्यातलाही डोळा तिनं चिरला आणि आप्पांना म्हणाली, "बघा काका."

आप्पांनी चष्मा काढला, वाकले, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून पाहिलं.

"टिपका दिसतोय नुसता."

"तोच घड आहे."

ते पुन्हा वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. मागे रांगेत उभा असलेला एक जण आपली गोणपाटाची जुडी या हातातून त्या हातात घेऊ लागला. शेवटी आप्पा सरळ झाले, चष्मा लावला आणि त्या मुलीला विचारलं, "काडीमागे किती घेता तुम्ही?"

तिनं सांगितलं. आप्पा म्हणाले, फार होतात.